कोरी पट्टी

गोतमारे मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या भांडायलाच. मी रसायनशास्त्र विभागात नुकताच लागलो होतो. दुपारचे प्रॅक्टिकल संपवून हात धूत होतो, तर दारात एक ठेंगण्या बाई उभ्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला. ओळख ना पाळख.

"तुह्या पेटीचा काटा खोटं बोलून राहिला," त्या म्हणाल्या. "सत्तर दाखवते अन् पाणी हाय अडुसष्ट."

पेटी म्हणजे आमचं वॉटर बाथ. पाणी एका ठरावीक तापमानाला धरून ठेवायचं साधन. भौतिकशास्त्रवाले ते अधूनमधून वापरतात एवढं मला कोणीतरी सांगितलं होतं.

"दोन डिग्रीनं काय बिघडतं, मॅडम?" मी विचारलं.

त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दोन डिग्रीनं माह्या खड्ड्याचा आकार बदलते. आकार बदलला का आकडा बदलते. अन् तो आकडा मी जगाले सांगते. मंग खोटी कोण झाली गा, तुही पेटी का मी?"

मी दुसऱ्याच दिवशी तापमापी बदलली. पुढची अकरा वर्षं त्या पेटीच्या निमित्तानं मॅडम रोज आमच्याकडे येत राहिल्या, आणि त्यांचे खड्डे काय प्रकरण आहे ते मला हळूहळू कळत गेलं.

दूरच्या एका प्रयोगशाळेत एक प्रचंड ताकदीचा लेसर होता. तो केसाहूनही पातळ अशा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मारायचे. झोत किती वेळ टिकायचा, तर पापणी लवायला लागणाऱ्या वेळाचे अब्जावधी तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याहूनही कमी. तेवढ्यात पत्र्याच्या मागल्या बाजूनं प्रोटॉनचा किरण सुटायचा. मॅडम हे सांगायच्या तेव्हा गावातल्या भांडणाची हकिकत सांगावी तशा सांगायच्या. "समोरून उजेड आदळला, का पत्र्यातले इलेक्ट्रॉन मांगच्या दारानं पळतात. ते पळाले, का त्याइच्या मांगं प्रोटॉन धावतात. अन् मजा पाय, हे प्रोटॉन पत्र्यातले नसतातच. पत्र्यावर बसलेली ओल, तेलाचा हात, मळ, त्यातले असतात. मळावर चालून राहिलं आपलं सगळं."

त्या किरणाच्या वाटेत प्लास्टिकच्या पट्ट्या एकामागे एक लावून ठेवायच्या. चष्म्याच्या काचा ज्या प्लास्टिकच्या करतात, तेच हे प्लास्टिक. प्रोटॉन त्यात शिरतो आणि डोळ्यांना न दिसणारी इजा करून जातो. मग त्या पट्ट्या नीट गुंडाळून नागपूरला मॅडमकडे यायच्या. मॅडम त्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात तासन्‌तास ठेवायच्या. सोडा जिथं इजा झालेली असते तिथं जास्त खातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल खड्डे दिसायला लागतात. खड्डा मोजला की प्रोटॉन मोजला. जितकी मागची पट्टी, तितका तिथवर पोचलेला प्रोटॉन जोरकस. मॅडमनी आयुष्यभर हेच केलं. तो लेसर त्यांनी स्वतः एकदाच पाहिला होता, तोही काचेपलीकडून.

मोजायला त्यांच्याइतकं चोख माणूस नाही अशी त्यांची ख्याती होती. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत त्या वाढल्या होत्या. पाच पाच संत्री हातात घेऊन ट्रकमध्ये मोजून टाकायची सवय लहानपणापासूनची. खड्डेसुद्धा त्या पाचापाचानंच मोजायच्या, ओठ हलवत. मध्ये कोणी बोललं तर हात वर करायच्या. प्राचार्य आले तरी हात वरच.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे कोरी पट्टी. प्रत्येक वेळी, किरण खाल्लेल्या पट्ट्यांबरोबर एक पट्टी अशी ठेवायची की जी लेसरच्या आसपासही गेलेली नाही. तोच सोडा, तेच पाणी, तेवढाच वेळ. तिच्यावर काही दिसलं, तर ते प्रोटॉनचं नाही, आपल्या हाताचं पाप आहे असं समजायचं. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरीदारी त्या तेच विचारायच्या. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, की या काढ्यानं माझी सर्दी तीन दिवसांत गेली, की मॅडम डबा खाता खाता विचारायच्या, "अन् न पिणाऱ्याची किती दिवसांत गेली?"

एकदा त्यांच्या भावानं बागेत कसलीशी महागाची पावडर टाकली. झाडं बघा कशी बहरली, म्हणून तो सगळ्या काटोलात सांगत सुटला. मॅडमनी पावडर टाकायच्या आधीच गड्याला हाताशी धरून एक ओळ वगळायला लावली होती आणि त्या झाडांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. फळ उतरल्यावर त्यांनी भावाला हात धरून त्या ओळीत नेलं. चिंधीच्या झाडांनाही तेवढंच फळ होतं. भाऊ त्या दिवाळीला बोलला नाही. "रागावला बिचारा," मॅडम मला म्हणाल्या. "पण पुढच्या साली पावडर नाही आणली त्यानं."

सुषमा नेवारे ही त्यांची शेवटची संशोधक विद्यार्थिनी. विद्यार्थिनी म्हणायचं एवढंच, वय छत्तीस. आमच्याच कॉलेजात अकरा वर्षं तासिकेवर शिकवत होती. दर जूनमध्ये नवीन ऑर्डर, दर एप्रिलमध्ये घरी. वडील अंथरुणाला खिळलेले, लग्नाचा विषय घरात कोणी काढेनासा झालेला. पीएच.डी. झाली तर कायमच्या जागेला अर्ज करता येणार होता. ती मॅडमसारखीच कमी बोलायची, फक्त मॅडमना जे बोलायचं धाडस आम्हाला नव्हतं ते तिला होतं. "मॅडम, जेवा आता. खड्डे कुठं पळून नाही जाऊन राहिले," असं म्हणून ती सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करायची आणि मॅडम निमूट उठायच्या.

आणि मग सुषमाला शेवटच्या पट्टीवर खड्डे दिसले. सगळ्यात मागची पट्टी, जिथवर त्या लेसरचे प्रोटॉन पोचतच नाहीत असं मानत होते. थोडे होते, पण होते. स्वच्छ, गोल. कोरी पट्टी तपासली, ती कोरीच. मॅडमनी स्वतः दोनदा मोजले आणि मग माझ्याकडे येऊन पेटीजवळच्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "रिटायरमेंटच्या तोंडावर देवानं पदरात टाकलं गा."

सुषमाचा प्रबंध त्याच निकालावर उभा राहिला. लेख परदेशातल्या नियतकालिकानं स्वीकारला. एका अनुदानित कॉलेजात जागा निघाली, मुलाखतीचं पत्र आलं. सुषमानं पेढे वाटले. तिला मी त्याआधी कधी इतका वेळ हसताना पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास एके दुपारी मॅडम नवीन कामासाठी काही पट्ट्या तयार करत होत्या. जुन्या पुड्यातल्या पट्ट्या, कुठंही न पाठवलेल्या. सोड्यातून काढल्या, धुतल्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. मी सहज चहाला बोलवायला गेलो तर त्या डोळा न काढता म्हणाल्या, "बापू, इकडं ये. काय दिसते सांग."

मी पाहिलं. "खड्डे दिसतात, मॅडम. काही गोल आहेत, काही लांबट. तिरपे."

"किरण समोरून येते. समोरून आला का खड्डा गोल. हे तिरपे कोठून आले?"

त्यांना ठाऊक होतं. चेहऱ्यावरूनच कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी वरच्या प्रयोगशाळेचं छत गळत होतं. तेव्हा मॅडमनी पट्ट्यांचे पुडे उचलून तळघरातल्या कपाटात ठेवले. बंद खोली, खिडकी नाही. अशा खोलीत जमिनीतून, भिंतीतून रेडॉन नावाचा वायू झिरपत येतो आणि साचतो. त्याच्यातून निघणारे कण त्या प्लास्टिकला तशीच इजा करतात, फक्त सगळ्या दिशांनी. लेसरकडे गेलेल्या पट्ट्या याच पुड्यांतल्या होत्या, आणि सुषमाच्या शेवटच्या पट्टीवरही तिरपे खड्डे होते. तिनं ते ओरखडे समजून सोडून दिले होते आणि गोल तेवढे मोजले होते, मॅडमनीही तेवढेच मोजले होते. ते गोल म्हणजे त्याच वायूचे योगायोगानं सरळ आत घुसलेले कण होते. लेसरजवळच्या पट्ट्यांवर खऱ्या प्रोटॉनची इतकी गर्दी होती की त्यात हे दिसलेही नसते.

"पण कोरी पट्टी तर स्वच्छ होती," मी म्हणालो.

"ती नव्या पुड्यातली होती." मॅडमचा आवाज अगदी खाली गेला. "तळघराची किल्ली त्या दिवशी सापडून नाही राहिली होती. सुषमा म्हणे, उद्या करू. मीच म्हटलं, नवी घे वं, काय फरक पडते."

त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. काय फरक पडते.

नंतरचे नऊ दिवस मी विसरू शकत नाही. मॅडमनी आशा सोडली नव्हती. वायूचे खड्डे वजा केल्यावरही काही उरतील, दहा उरतील, पाच उरतील, पाच उरले तरी प्रोटॉन तिथवर पोचला असं म्हणता येईल, असं त्यांचं चाललं होतं. त्या सकाळी कॉलेज उघडताच येऊन बसायच्या. त्यांना साखरेचा आजार होता, डावा डोळा आधीच अधू झाला होता, उजव्यातून पाणी गळायचं. मोजायच्या, खोडायच्या, पुन्हा मोजायच्या. चौथ्या दिवशी माझ्याकडे आल्या.

"तू मोजून दे गा," त्या म्हणाल्या.

"मी? मॅडम, मला कुठं येतं तुमच्यासारखं."

"म्हणूनच. माह्या डोळ्याले आता जे पायजे तेच दिसून राहिलं."

त्यांनी आठ पट्ट्यांच्या कोपऱ्यांवरच्या खुणा चिकटपट्टीनं झाकल्या. चार लेसरवाल्या, वेगवेगळ्या झोतांच्या वेळच्या शेवटच्या पट्ट्या, आणि त्यांच्या जोडीला चार तळघरातल्या कोऱ्या. कोणती कुठली ते मला माहीत नव्हतं. मी मोजत गेलो आणि आकडे वहीत लिहीत गेलो. मॅडम खोलीबाहेर व्हरांड्यात थांबायच्या, त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळू नये म्हणून, की त्यांना माझ्या चेहऱ्यावरून, कोण जाणे. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एकेक चिकटपट्टी सोलली. पहिल्या दोन जोड्या अगदी सारख्या निघाल्या. तिसरीत लेसरवालीवर तीन जास्त होते, आणि पुढची चिकटपट्टी त्यांनी घाईनं सोलली. चौथीत कोरीवर चार जास्त होते.

"नाही काही," त्या म्हणाल्या. आणि चिकटपट्ट्यांचे तुकडे एकात एक गुंडाळत बसून राहिल्या.

सुषमाला त्यांनी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं. मी उठू लागलो, तर हातानं बस म्हणाल्या. सुषमानं सगळं ऐकून घेतलं. वही पाहिली. तिरप्या खड्ड्यांचे फोटो पाहिले. ती हुशार होती, तिला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही.

"हे कोणाकोणाले माहीत आहे?" तिनं विचारलं.

"आपल्या तिघाले."

"मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, मॅडम. तेवढी होऊ द्या. मग मी स्वतः लिहून देते का चुकलं म्हणून. माझ्या सहीनं देते."

मॅडमनी वही मिटली.

"अकरा वर्षं झाली. दर एप्रिलले घरी बसून राहिली मी. बाबा विचारतात, कॉलेज सुटलं का. मी कोणाचं काही चोरलं नाही न, मॅडम? किरण तर आहे. थोडा कमी जोराचा आहे, एवढंच."

"मले चार दिवस दे वं," मॅडम म्हणाल्या.

त्या चार दिवसांत त्या एकट्या रेल्वेनं लेसरच्या त्या दूरच्या प्रयोगशाळेत गेल्या. नव्या, सीलबंद पट्ट्या पर्समध्ये घालून. तीन झोत मारून द्या, एवढंच मागायला. तिथं काय झालं ते त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. तो लेसर उतरवून ठेवला होता. नव्या मोठ्या यंत्रासाठी खोली रिकामी करत होते. मॅडम दोन दिवस त्यांच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिल्या. शेवटी तिथल्या एका शास्त्रज्ञानं त्यांना कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि अदबीनं सांगितलं, की एवढ्या जोराचे प्रोटॉन आमच्या लेसरमधून निघतील हे आम्हालाही जरा अवघडच वाटलं होतं.

"मंग बोलले काहून नाही?" मॅडमनी विचारलं.

तो म्हणाला, "तुमचं काम होतं ना, मॅडम. कोरी पट्टी तुम्ही पाहिली म्हटल्यावर आम्ही काय विचारणार?"

हे सांगताना मॅडम रडल्या. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि काय करावं ते न सुचून मी पाण्याचा ग्लास भरून आणला. तो तसाच राहिला.

पत्रं माझ्याच टेबलावर टाइप झाली. एक नियतकालिकाला, एक विद्यापीठाला. मॅडम सांगत होत्या, मी टाइप करत होतो. शब्द त्यांचेच: पट्ट्या तळघरात मी ठेवल्या. कोरी पट्टी मी बदलायला लावली. सुषमा नेवारे यांचा यात काही दोष नाही. पाठवायच्या आधी त्यांनी सुषमाला बोलावून घेतलं. ती आली, उभ्यानंच वाचलं.

"तुमची नोकरी सहा महिन्यांनी संपणार, मॅडम," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझी तर सुरूच नाही झाली."

"खरं हाय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुढं वाकून, पडद्याजवळ डोळा नेऊन, बटण शोधलं आणि दाबलं.

सुषमा निघून गेली. मुलाखतीलाही गेली नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली आणि तशी जागा पुन्हा निघाली नाही. तासिकेचं कामही तिनं मध्येच सोडलं. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत धाग्याची तपासणी करण्याच्या कामावर ती लागली आणि वडिलांना घेऊन तिथंच खोली करून राहू लागली. स्टाफरूममध्ये मॅडमविषयी बरंच बोललं गेलं. पोरीचं वाटोळं केलं, म्हातारपणी सत्यवादी व्हायची हौस आली, असं. मी तेव्हा गप्प बसलो. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं होतं, की एक महिना थांबल्या असत्या तर कोणाचं काय गेलं असतं. ते मी मॅडमना कधी बोललो नाही, पण त्यांना कळलं असावं. त्यांचं माझ्याकडे येणं कमी झालं.

विद्यापीठानं प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यायची मुभा दिली होती. मुदत वर्षाची. शेवटचं प्रकरण काढून टाकलं तरी लेसरजवळच्या पट्ट्यांचं काम खरं होतं, आणि तेही कमी नव्हतं. मॅडमनी सुषमाला फोन केले, ती उचलायची नाही. पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. निवृत्त झाल्यावर मॅडम दर रविवारी जरीपटक्याच्या घरून दोन बस बदलून बुटीबोरीला जाऊ लागल्या. प्रबंधाची कच्ची प्रत कापडी पिशवीत. दार उघडायचं नाही. तासभर थांबून परत यायच्या. हे मला महिनाभरानं कळलं.

मॅडम पुढच्या थंडीत गेल्या. आधी डोळे, मग मूत्रपिंड. सुषमाचा प्रबंध त्यानंतर मुदतीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात विद्यापीठात पोचला, आणि मंजूरही झाला. नावामागे डॉक्टर लागलं. ती अजून सूतगिरणीतच आहे. प्रबंधाच्या शेवटी तिनं एक लहानसं प्रकरण घातलं आहे, पट्ट्या तळघरात ठेवल्यानं काय घडलं त्याचं. मोजणाऱ्याचं नाव म्हणून तिथं माझं नाव आहे. मॅडमच्या अंत्ययात्रेला ती आली होती का, मला माहीत नाही. मी तेव्हा परगावी होतो.

म्हणून मॅडम माझ्या डोळ्यांपुढं येतात त्या त्याआधीच्या मे महिन्यातल्या एका रविवारच्या. त्यांना बसमधून उतरताना ठेच लागली होती, पाऊल सुजलं होतं, तरी त्या जायच्या म्हणून बसल्या होत्या. मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन अंगावर येत होतं. एका रांगेत आठ-दहा खोल्या, पत्र्याचं छप्पर. मॅडमनी तिसऱ्या दाराची कडी वाजवली.

आतून सुषमाचा आवाज आला. "नका येत जाऊ, मॅडम. मी नाही लिहीत."

"तू नको लिहू," मॅडम दाराला म्हणाल्या. "मी दुसरं प्रकरण वाचून राहिली. तू निस्ती आयक. चुकलं तर सांगजो."

मला त्यांनी मागे जायची खूण केली. मी समोरच्या कडुनिंबाखाली स्कूटरला टेकून उभा राहिलो. मॅडमनी पिशवीतून कागद काढले, उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरले, आणि बंद दारासमोर उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पत्र्याची जाडी. झोताचा काळ. पट्ट्यांचा क्रम. शेजारच्या खोल्यांतून बाया बाहेर आल्या, पाहून आत गेल्या. एका पायावर भार घेत, मध्येच भिंतीला हात लावत, त्या पान उलटत होत्या. तीन पानं झाली असतील. मी पुढं व्हायला निघालो, की आता पुरे, चला म्हणावं.

तेवढ्यात कडी सरकली. दार वीतभर उघडलं. त्या फटीतून एक लाल प्लास्टिकची खुर्ची बाहेर सरकवली गेली, आणि दार पुन्हा लागलं.

मॅडमनी चाचपून खुर्चीची पाठ शोधली. ती दाराच्या आणखी जवळ ओढून घेतली, हळूच बसल्या, बोटानं ओळ धरली आणि राहिलं होतं तिथून पुढं वाचू लागल्या.